उशीर कुठे झाला?

तांगेरांग,
१० फेब्रुवारी २०१९

प्रिय इतो लामरिया,

होरास. थोरल्या बहिणीला, म्हणजे माझ्या इतोला, आणि तुझ्या कॉफीच्या दुकानात रोज येऊन बसणाऱ्या सगळ्या रिकामटेकड्यांना माझा नमस्कार.

आम्ही इथे ठीक आहोत. तुझ्या भावजयीचा, तियूरचा, गुडघा अजून धरतो, तरी रविवारी चर्चमध्ये उभी राहून गाते आणि घरी आल्यावर मला तेल चोळायला बसवते. धाकट्या लेकीला दातांच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. आता ती जेवताना आमच्या तोंडात डोकावते आणि मान हलवते. तू पाठवलेले आंदालिमान पोचले. इथल्या बाजारात मिळतात ते नुसते काळे दाणे, जीभ जरासुद्धा झिणझिणत नाही. तियूरने तुझे दाणे घालून मासा केला. तुझ्यासारखा झाला नाही, पण हे तिला कळवू नकोस.

फोनवर तू रडायला लागलीस की मला काही सुचत नाही. मी विषय बदलतो, आणि फोन ठेवल्यावर स्वतःवरच चिडतो. म्हणून हे लिहायला बसलो. तुमच्याकडे सिलांगितला येणाऱ्या विमानावर काम करणारी एक ओळखीची मुलगी हे पत्र तुझ्या हातात देईल. तिला कॉफीचे पैसे लावू नकोस.

जोंग्गी आईजवळ घरी आला ते बरंच झालं. रजा त्याच्या हक्काची आहे. त्याला झोपू दे, तळ्यात पोहू दे, आणि कृपा करून सारखं विचारत बसू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. माणूस घास तोंडात घालतो आणि तू विचारतेस, पोट भरलं का. कप्तानपदाच्या परीक्षेत पहिल्या खेपेला थांबवले जाणारे ढिगाने असतात. त्यातले निम्मे आज माझ्याहून चांगले कप्तान आहेत.

तू विचारलंस, "तीन वर्षांत कप्तान करू म्हणाले होते, त्याची पाच झाली, आणि आता म्हणतात तयार नाही. मग ते तीन वर्षांचं काय होतं?" इतो, नवीन पोरं भरती करताना विमान कंपनी लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखी बोलते. मुलगा उंच आहे म्हणते, आपण तो उभा राहीपर्यंत थांबायचं असतं. त्या वर्षी कंपनीने खूप विमानांची मागणी नोंदवली होती. विमानं येतील, तेवढे कप्तान लागतील, तेव्हा आज जे सहवैमानिक म्हणून येतील ते तीन वर्षांत डाव्या, कप्तानाच्या खुर्चीत बसतील, असा सरळ हिशेब होता. मग विमानं लांबली. विमानं लांबली की माणसंही लांबतात.

हो, मेदानच्या त्या भरती मेळाव्यात व्यासपीठावर मीच होतो. फलकावरचा फोटोही माझाच. तू तो मागून आणलास आणि दुकानात चुलीच्या वर लावलास, त्यामुळे वर्षभरात मी धुराने काळा झालो. पण ते वाक्य माझं नव्हतं. कंपनीने कागद दिला, मी वाचून दाखवला.

आणि पापुआ सोडायला मी सांगितलं, असंही तू म्हणालीस. सांगितलं, नाही कसं म्हणू. तिथे तो लहान विमानाचा कप्तान होता. डोंगराच्या कुशीत एवढीशी धावपट्टी, तीही चढाची, आणि तिच्यावर तो तांदळाची पोती, आजारी बायका आणि पाय बांधलेली डुकरं घेऊन उतरायचा. मी एकदा त्याच्याबरोबर गेलो होतो. उतरताना मी डोळे मिटून घेतले होते, हे त्याला अजून माहीत नाही. तुझ्या घरी सगळे जमलो तेव्हा भाचा मामाला म्हणाला होता, "तुलांग, तिथे मी कप्तान आहे. इकडे येऊन परत दुसऱ्याच्या शेजारी बसायचं?"

मी म्हणालो, "तीन वर्षं, बेरे. तीन वर्षं शेजारी बसायला काय जातं? मग तुझ्या मागे एकशे ऐंशी माणसं बसतील. आत्ता मागे डुकरं बसतात."

सगळे हसले. तोही हसला. मग मी त्याच्या खांद्यांवर उलोस पांघरला, अख्खा मासा त्याच्यापुढे ठेवला आणि पहिला घास माझ्या हाताने भरवला. मामाने घास भरवला की आपल्यात चर्चा संपते. त्याने दुसऱ्या दिवशी पापुआच्या लोकांना कळवून टाकलं.

परीक्षेबद्दल मला एवढंच कळलं की इंजिन बंद पडल्यावरच्या भागात त्याला निर्णयाला उशीर झाला, असं परीक्षकाने लिहिलं आहे. परीक्षक जुना माणूस आहे, कडक आहे. असतात काही तसे. पुढच्या वर्षी पुन्हा संधी मिळेल. त्याला सांग, मन लहान करू नकोस, आणि मला फोन करायची गरज नाही, मी रागावलेलो नाही.

पाऊस आला की दुकानाचं मागचं छत गळतं म्हणाली होतीस. मी ईस्टरला येईन तेव्हा बघतो.

तुझा धाकटा भाऊ,
मांगारा


तांगेरांग,
२४ फेब्रुवारी २०१९

इतो,

तुझं पत्र मिळालं. आज कुशल विचारत नाही. ते तू सविस्तर लिहिलंच आहेस.

मी तुझं पत्र गाडीत बसून वाचलं, विमानतळाच्या वाहनतळावर. मग घरी न जाता तिथेच बसून राहिलो. तियूरचे फोन येत होते, ते घेतले नाहीत. दुपारी गिऱ्हाईक पांगलं की जोंग्गी मागच्या बाकावर जाऊन बसतो, डावा हात टेबलाच्या कडेवर ठेवतो आणि उजव्या हाताने कॉफीच्या गाळणीचा दांडा पुढे ढकलतो, मागे ओढतो, आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हणतो. तू आधी समजलीस तो प्रार्थना करतोय. मग घाबरलीस. चर्चमधल्या बायका म्हणतात, पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. तू जवळ जाऊन विचारलंस तेव्हा तो म्हणाला, "उशीर कुठे झाला ते सापडत नाही, आई. सापडलं की थांबतो."

पापुआच्या लोकांनी परत बोलावलं, तेही त्याने नाकारलं, हे मला माहीत नव्हतं. ज्याला स्वतःची चूक कळत नाही त्याने माणसं घेऊन उडू नये, असं म्हणाला. कंपनीला राजीनामा देऊन तुझं दुकान सांभाळायचं म्हणतोय. आणि तू शेवटी लिहिलंयस, "त्या परीक्षकाला तू ओळखत असशीलच. त्याला माझ्याकडून हात जोडून विचार, उशीर नेमका कुठे झाला. एवढं कळलं तरी माझ्या पोराचा जीव ठिकाणावर येईल."

ओळखतो. परीक्षक मी होतो.

त्याने तुला हे सांगितलेलं नाही. मी मागच्या पत्रात 'जुना माणूस आहे, कडक आहे' असं लिहिलं, ते तू त्याला वाचून दाखवलं असशील. तो गप्प राहिला असेल. इतो, मला त्या गप्प राहण्याची लाज वाटते. माझी लाज त्याने झाकली आणि मी ती त्याला झाकू दिली.

तू म्हणशील, मामा भाच्याची परीक्षा कशी घेतो. घेऊ नये असा नियम आहेच. पण इथल्या लोकांना आडनाव दिसतं. मी सियाहान, तो सियानिपार, त्यांच्या लेखी आमचा काही संबंध नाही. आईच्या बाजूने माणूस किती जवळचा असतो हे आपल्याशिवाय इथे कोणाला कळतं? जोंग्गी स्वतःच म्हणाला होता, "इथे तुम्हाला कॅप्टन म्हणेन, तुलांग. मामाच्या वशिल्याने चढला असं कोणी म्हणायला नको." पाच वर्षं त्याने ते पाळलं. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता. पुढे मला त्याची सोय झाली.

परीक्षांच्या आधी कॅप्टन विर्यावानने मला बोलावलं. हा आमचा मुख्य प्रशिक्षक. जावाचा माणूस, आवाज कधी चढत नाही, प्रत्येकाला अदबीने 'पाक' म्हणतो, आपण बटाकी लोक त्याच्यापुढे ढोल बडवल्यासारखे बोलतो.

"चहा घ्या, पाक मांगारा," तो म्हणाला. "साखर पुरे आहे ना? तर असं आहे. विमानं या वर्षी येत नाहीत. पुढच्या वर्षीचंही मी छातीठोक सांगणार नाही."

"मग परीक्षा पुढे ढकला," मी म्हणालो.

"पुढच्या महिन्यात सुराबायाला नव्या मुलांचा मेळावा आहे हो. तिथे कोणी विचारलं, आधीच्यांना वचन दिलं होतं त्याचं काय, तर उत्तर हवं ना? आम्ही परीक्षा वेळेवर घेतल्या. मुलंच तयार नसतील तर कंपनी काय करणार?"

"म्हणजे चांगल्या पोरांना नापास करायचं."

"नापास कशाला म्हणता? थोडं थांबवायचं. तुमच्याकडे तिघे आहेत, त्यातला एक. निर्णयक्षमता म्हणा, परिपक्वता म्हणा. त्याला काही फुटपट्टी लागत नाही." मग माझ्या कपात आणखी चहा ओतत म्हणाला, "मी डिसेंबरला निवृत्त होतोय, पाक. या खुर्चीसाठी तुमचं नाव मीच सुचवलंय."

तेव्हाच उठून जायला हवं होतं. मी चहा संपवला.

तिघांत एक निवृत्त सेनाधिकाऱ्याचा मुलगा होता. त्याला थांबवलं असतं तर बापाचा फोन आधी आला असता आणि निकाल मागून. दुसरा मानाडोचा, फाटक्या तोंडाचा, त्याने कंपनीच्या दारात उभं राहून पत्रकार गोळा केले असते. आणि तिसरा आपला. तुझ्याकडे अचानक पाहुणे वाढले आणि भांड्यात मांस कमी पडलं की तू काय करतेस? घरच्याच माणसाच्या ताटावरून पळी पुढे नेतेस. तो हूं की चूं करत नाही, कारण तो घरचा असतो. मी तेच केलं. तो सगळ्यात कच्चा म्हणून मी त्याला निवडलं नाही, इतो. तो भांडणार नाही म्हणून निवडलं.

आणि तो भांडला नाही. ज्याला निकाल पटत नाही त्याने महिन्याभरात आक्षेप घ्यायचा, मग दुसरे दोन परीक्षक नव्याने परीक्षा घेतात, अशी सोय आहे. दुसऱ्या परीक्षकाने बांडुंगच्या एका मुलीला असंच थांबवलं होतं. तिने त्याच संध्याकाळी आक्षेप नोंदवला. पुन्हा परीक्षा झाली, ती पास झाली, परवा तिला माझ्यासमोर कप्तानाची पट्टी मिळाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. जोंग्गीने काहीच केलं नाही. मामाच्या शब्दावर आक्षेप घ्यायचा असतो हे त्याला आपण कधी शिकवलंच नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो. परीक्षा जमिनीवरच होते, बंद खोलीतल्या खोट्या विमानात. खिडकीतून दिसतं ते चित्र असतं, पण हातापायांना ते खरंच वाटतं. मी त्याला उड्डाण करतानाच इंजिन बंद पाडून दिलं. त्याने विमान सरळ धरलं, वर घेतलं, सहवैमानिकाला शांतपणे कामं वाटली. पुढच्या विमानतळावर मी वादळ लावलं. तो क्षणभर थांबला, इंधन बघितलं, परत फिरायचं म्हणाला आणि फिरला. उतरला तेव्हा माझ्या गुडघ्यावरची पेन्सिलसुद्धा पडली नाही. तो डोंगरातल्या चढावर डुकरं घेऊन उतरलेला माणूस आहे, त्याला यात काय अवघड होतं? माझ्या वेळी मी याहून वाईट उडवलं होतं आणि पास झालो होतो.

खालच्या खोलीत बसून मी निकाल सांगितला. तो कंपनीच्या भिंतींच्या आत पहिल्यांदाच म्हणाला, "तुलांग, उशीर कुठे झाला?"

त्याला वाद घालायचा नव्हता. त्याला शिकायचं होतं. वही उघडून, पेन हातात घेऊन बसला होता तो.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि उत्तर नाही हे त्याला दिसू नये म्हणून मी खेकसलो, "ते तुलाच कळायला हवं."

तेव्हापासून तो शोधतोय. तुझ्या दुकानातल्या बाकावर बसून गाळणीचा दांडा इंजिनाची मूठ समजून तो जे करतो ते वेड नाही. मी दिलेला अभ्यास आहे.

तुझं पत्र वाचल्यावर मी विर्यावानकडे गेलो. म्हणालो, मला माझा शेरा मागे घ्यायचा आहे. त्याने चहा मागवला, मी कपाला हात लावला नाही. तो म्हणाला, "परीक्षकाला असं मत बदलता येत नाही, पाक. उमेदवाराने आक्षेप घेतला तरच प्रकरण उघडतं. तुमच्या उमेदवाराने तर घेतलेला नाही. का बरं घेतला नसेल?"

"कारण मी त्याचा सख्खा मामा आहे."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "हे मी ऐकलेलं नाही. तुम्हीही बोललेला नाहीत." मी बाहेर पडलो. सरकारी खात्याला मी सगळं लिहून कळवणार आहे, पण त्यांची चौकशी उभी राहीपर्यंत आक्षेपाची मुदत सरेल. ती येत्या शुक्रवारी संपते.

काल जोंग्गीला फोनही केला. तुला बोलला नसेल. मी म्हणालो, "बेरे, आक्षेप घे." तो म्हणाला, "तुमच्याविरुद्ध? नको, तुलांग. लोक काय म्हणतील, आई काय म्हणेल? तुम्ही नीट बघितलंच असणार." मी म्हणालो, कदाचित माझी चूक झाली असेल. तर तो मलाच समजवायला लागला. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मला बरं वाटावं म्हणून बोलताय, कळतंय मला." मी विषय बदलला. विचारलं, तळ्यावर मासेमारी कशी चाललीय. तो म्हणाला, बरी.

म्हणून तुझ्याकडे वळलो. हे पत्र त्याला समोर बसवून वाच, एकही ओळ गाळू नकोस, खुर्चीची आणि चहाचीसुद्धा. मामा प्रेमापोटी बोलतोय असं तो म्हणेल. त्याला सांग, प्रेम त्या दिवशी त्या खोलीत दाखवायचं होतं, ते मी दाखवलं नाही. पोराने मामाविरुद्ध लिहिलं म्हणून चर्चमध्ये कोणी कुजबुजलं तर हे पत्र त्यांनाही दाखव. मला बोलावतील तिथे मी येईन आणि इथे लिहिलंय तेच सांगेन. परीक्षकाचं काम जाईल, कदाचित नोकरीही जाईल. तियूरला मी आज सकाळी सगळं सांगितलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली, आणि आज तेलाची बाटली तिने माझ्यापुढे आणली नाही.

तू मला शिव्या दे. तू मोठी आहेस, तुला हक्क आहे. बहिणीच्या घरच्यांनी माहेरच्या माणसापुढे मान खाली घालायची हा आपला रिवाज, तो या वेळी बाजूला ठेव. त्या खाली घातलेल्या मानेचाच मी फायदा घेतला.

पण जोंग्गी तो रिवाज मोडणार नाही, मी त्याला ओळखतो. तेव्हा त्याच्यासाठी पुढचं मी मामा म्हणूनच लिहितो.

बेरे जोंग्गी, हा तुझ्या तुलांगचा शब्द आहे आणि तो तुला पाळावा लागेल. शुक्रवारच्या आत माझ्याविरुद्ध लिही. माझं पूर्ण नाव लिही, आडनावासकट, आणि मी तुझा कोण लागतो तेही लिही. मग त्या बाकावरून ऊठ आणि आईची गाळणी तिला परत दे. मी पुष्कळ शोधलं. उशीर कुठेच झाला नव्हता.

तुझा भाऊ, आणि तुझ्या मुलाचा परीक्षक,
मांगारा सियाहान